वाहनाचा ठावठिकाणा आणि उपनगरी थाप

गाडी या क्षणी कुठे आहे, ही माहिती मुंबईच्या उपनगरांत पूर्वी फक्त गाडी चालवणाऱ्याकडे असे. बाकीच्यांना तो सांगेल त्यावर भागवावे लागे. आता ही माहिती गाडी स्वतःच देते, कोणी विचारले नाही तरी देते, आणि दिलेली माहिती कुठल्यातरी सर्व्हरवर नोंदून राहते. यांतली पहिली गोष्ट सोयीची, दुसरी अडचणीची आणि तिसरी धोक्याची आहे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या भागांत अडचणीची चर्चा रोज होते. धोक्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण तो दिसायला वेळ लागतो.

थापेचे प्रकार

जीपीएसपूर्व काळात उपनगरी दळणवळण थापेवर चाले. तिचे मुख्य प्रकार चार. पहिला, ‘निघालोच’. हे सांगणारा माणूस बोरिवलीतल्या आपल्या घरी टॉवेलवर असे. दुसरा, ‘साकीनाक्याला अडकलोय’. ही थाप बाराही महिने चाले, कारण साकीनाक्याला कोणी ना कोणी अडकलेले असतेच. शंका घेणाऱ्याला आपलेच मन कोते वाटू लागे. तिसरा, ‘पोचतोच आहे’. एलबीएस मार्गावर घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप अशी गावे ओळीने बसलेली असल्यामुळे माणूस एकही शब्द खोटा न बोलता तासभर पोचत राहू शके. चौथा प्रकार ‘पार्किंग शोधतोय’ हा अनुभवी लोकांचा. याला कालमर्यादा नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनात रागाऐवजी दया उत्पन्न होते.

या थापांत फसवणूक नावापुरती असे. ऐकणाराही दुसऱ्या दिवशी त्याच थापा मारणार असल्यामुळे ‘पाच मिनिटांत येतो’ हे ऐकल्यावर तो मनात अर्धा तास धरी आणि कुकर उशिरा लावी. दर दोन्ही बाजूंना ठाऊक होता.

पाळत तेव्हाही होतीच. सोसायटीचा वॉचमन, तळमजल्यावरच्या काकू, कोपऱ्यावरचा पानवाला आणि रिक्षा स्टँड या चार यंत्रणा अहोरात्र कामावर असत. पण या पाळतीत तीन गुण होते. एक, ती विसरत असे. गेल्या गणपतीत गाडी किती वाजता आली, हे वॉचमनला सांगता येत नसे. दोन, ती दुतर्फा होती. काकूंना पहिल्या मजल्यावरच्यांचे जेवढे ठाऊक, तेवढेच पहिल्या मजल्यावरच्यांना काकूंचे. आणि तीन, ती कारण विचारी. ‘काय हो, आज लवकर?’ या प्रश्नाला उत्तर देता येई, आणि बरे नसेल तर काढाही मिळे. नव्या पाळतीत हे तिन्ही गुण नाहीत. पुढचे सगळे धोके या तीन उणिवांतून निघतात.

उपग्रहाचा दोष नाही

ठावठिकाणा फुटला की लोक आकाशाकडे बोट दाखवतात. यात उपग्रहांवर अन्याय होतो. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत फिरतात. किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकून आपण कुठे आहोत याचे गणित खालचा रिसीव्हर करतो. मुलुंड चेकनाक्याजवळ कोणाची गाडी उभी आहे, हे उपग्रहाला ठाऊक नसते आणि ते जाणून घेण्याची त्याला इच्छाही नसते. फितुरी होते ती रिसीव्हरच्या शेजारी बसवलेल्या सिमकार्डकडून. हे सिम केलेले गणित मोबाइलच्या जाळ्यावरून पाठवून देते. नुसते जीपीएस असलेले यंत्र चालकाला रस्ता दाखवते. जीपीएस आणि सिम असलेले यंत्र चालकालाच दाखवते.

मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे आणि उत्तर शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे होई. शंभर मीटर म्हणजे अंधेरी पूर्वेचा माणूस पश्चिमेला, आणि त्याबरोबर एक भरभक्कम सबब. ही चूक काढून टाकल्यावर अचूकता काही मीटरांवर आली. तरी उपनगरांत ती पूर्ण नाही. मेट्रोच्या पुलाखाली आणि टॉवरांच्या गल्लीत संदेश भिंतींवर आपटून येतात, तेव्हा हायवेवरची गाडी सर्व्हिस रोडवर दिसते आणि सर्व्हिस रोडवरची गाडी एखाद्या सोसायटीच्या बागेत.

याहून मोठी उणीव उंचीची आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंधेरीचा गोखले पूल अंशतः खुला झाला, तेव्हा तो आणि शेजारचा बर्फीवाला पूल यांच्यात एक मीटरहून अधिक उंचीचा फरक निघाला. सपाट नकाशावर मात्र दोन्ही पूल एकमेकांना व्यवस्थित भेटत होते. घरच्या मोबाइलवर दिसणारा ठिपकाही असाच सपाट असतो. स्टेशनजवळच्या इमारतीत तळमजल्यावर औषधांचे दुकान, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर कोचिंग क्लास आणि मागच्या जिन्याने परमिट रूम असते. ठिपका या चारही ठिकाणी एकाच वेळी उभा असतो. पाहणारे त्यांतले एकच निवडतात, आणि ते कधीच दातांचा दवाखाना निवडत नाहीत.

पाहणारे

गाडीचा ठावठिकाणा पाहणाऱ्यांचे चार वर्ग पडतात: सरकार, कंपनी, मालक आणि घर.

सरकारचा हेतू सुरक्षेचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतल्या बसमध्ये आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिथल्याच अॅप-टॅक्सीत घडलेल्या अत्याचारांनंतर प्रवासी वाहनांवर लक्ष ठेवण्याची मागणी वाढली. २८ नोव्हेंबर २०१६ च्या अधिसूचनेने टॅक्सी, बस यांसारख्या सार्वजनिक वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि आणीबाणीचे बटण बसवणे बंधनकारक केले. त्याचे मानक ‘एआयएस १४०’ या नावाने ओळखले जाते. अशा यंत्राची गरज काल्पनिक नाही. एप्रिल २०२२ मध्ये सांताक्रूझच्या एका शाळेची बस मुलांसह निघाली आणि काही तास तिचा पत्ताच लागेना. मुले सुखरूप घरी पोचली, पण तेवढ्या वेळात पालकांचे जे झाले त्यानंतर त्यांना खासगीपणावर व्याख्यान देण्याची कोणाची छाती होणार नाही.

या नियमातून तीनचाकी वाहने वगळली आहेत. त्यामुळे असल्फ्याच्या चढावर धापा टाकणारी रिक्षा हे, कायद्यापुरते तरी, उपनगरातले शेवटचे स्वतंत्र वाहन ठरते. रिक्षावाला कुठे आहे याची नोंद नसली तरी कुठे येणार नाही, हे तो प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. हे स्वातंत्र्यही आता पातळ झाले आहे, कारण अॅपवरून बोलावलेल्या रिक्षात चालकाचा आणि प्रवाशाचा असे दोन मोबाइल बोलत असतात.

फास्टॅग हे जीपीएस नव्हे. काचेवरची ही चिप फक्त टोलनाक्यावरच्या वाचकयंत्राला उत्तर देते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर ती सक्तीची झाली. मुंबईच्या वेशीवरच्या दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये माफ झाला, त्यामुळे ठाण्याला जाऊन आल्याची ती एक बारीकशी खूण पुसली गेली. पण पुढचे नाके जागेच आहेत. मुलुंडमधल्या बऱ्याच घरांत गाडी मुलगा चालवतो आणि फास्टॅग वडिलांच्या मोबाइलला जोडलेला असतो. मुलगा पवईला मित्राकडे अभ्यासाला गेलेला असताना वडिलांना खालापूरच्या नाक्यावरून पैसे वळते झाल्याचा संदेश येतो.

‘पवईला कसं काय चाललंय?’ वडील फोनवर विचारतात.

‘मस्त, बाबा. फक्त जरा थंडी आहे,’ मुलगा लोणावळ्याहून सांगतो.

वाहतूक पोलिसांचे ई-चलन याच घराण्यातले. २०१६ मध्ये मुंबईत साडेचार हजारांहून अधिक कॅमेऱ्यांचे जाळे सुरू झाले. चलनासोबत छायाचित्र येते, आणि ते येते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे. जून २०२२ पासून दुचाकीवर मागे बसणाऱ्याने हेल्मेट घातले नसेल तरी दंड होतो. हेल्मेट नसल्यामुळे मागच्या व्यक्तीचा चेहरा छायाचित्रात स्वच्छ दिसतो. दंड पाचशे रुपयांचा. उरलेली रक्कम घरी ठरते.

नव्या सुरक्षा नंबरप्लेटमध्ये जीपीएस असते, असा समज सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टिकून आहे. त्या प्लेटवर होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. ठावठिकाणा सांगणारे काही नसते. उपग्रहाच्या आधारे टोल घेण्याचे नियम मात्र सप्टेंबर २०२४ मध्ये खरोखरच निघाले. यंत्र बसवलेल्या गाडीला दिवसाला २० किलोमीटर फुकट, असे त्यांत म्हटले होते. १ मे २०२५ पासून हा टोल देशभर लागू होणार अशी आवई उठली, तेव्हा असा कुठलाही निर्णय झाला नसल्याचा खुलासा केंद्राला करावा लागला.

दुसरा वर्ग कंपन्यांचा. भारतात २०१९ पासून इंटरनेट जोडलेल्या गाड्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या. घेताना सनरूफ पाहिले जाते. अटी आणि शर्ती पाहिल्या जात नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने २५ मोटार ब्रँडची खासगीपणाची धोरणे तपासली आणि सर्वांना नापास केले. एका धोरणात तर ग्राहकाच्या लैंगिक जीवनाची माहितीही जमा होऊ शकते असे लिहिलेले होते. गाडीला ती कुठून कळणार, याचा खुलासा नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने जनरल मोटर्सवर ठपका ठेवला, की तिच्या गाड्या दर तीन सेकंदांपर्यंतच्या बारकाईने ठिकाण टिपत आणि चालवण्याच्या सवयींची माहिती विकली जाई. ती विमा कंपन्यांपर्यंत पोचून लोकांचे हप्ते वाढत होते. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेवरच्या गाड्यांची माहिती इंटरनेटवर उघडी सापडली. त्यांत हॅम्बुर्ग पोलिसांच्या गाड्याही होत्या, म्हणजे चोरांना पोलिसांवर पाळत ठेवण्याची सोय झाली होती. अॅप-टॅक्सीचा जुना दाखला उबरचा. कंपनीतल्या लोकांना प्रवाशांच्या गाड्या नकाशावर हलताना दिसतील अशी सोय तिथे होती आणि तिचे नाव ‘गॉड व्ह्यू’ होते. हे प्रकरण २०१४ मध्ये बाहेर आले.

तिसरा वर्ग मालकांचा. कंपनीची गाडी, पालिकेची कचरागाडी, पाण्याचा टँकर, कर्जावर घेतलेली टॅक्सी, या सर्वांवर कोणीतरी पडद्यासमोर बसून नजर ठेवत असतो. डिझेलचोरी आणि खोट्या फेऱ्या यांना आळा बसतो, हे खरे. पण यंत्राला थांबणे तेवढे समजते. मरोळला वडापावच्या गाडीशेजारी टेम्पो चौदा मिनिटे उभा राहिला, की संध्याकाळी ‘चौदा मिनिटं काय करत होतास?’ असा प्रश्न येतो. विचारणारा साहेब स्वतः जेवायला पाऊण तास घेतो, पण त्याच्या खुर्चीखाली सिमकार्ड नसते. सर्वांत कडक पाळत घरपोच जेवण आणणाऱ्या मुलावर असते. त्याचे नाव, छायाचित्र, गाडीचा क्रमांक आणि प्रत्येक वळण गिऱ्हाईक पाहत असते, आणि गाडी सिग्नलला थांबली की भूक वाढते.

चौथा वर्ग घर. व्हॉट्सअॅपने ऑक्टोबर २०१७ मध्ये थेट ठिकाण दाखवण्याची सोय आणली आणि तिला तीन मुदती दिल्या: पंधरा मिनिटे, एक तास आणि आठ तास. पंधरा मिनिटे मित्रांसाठी, एक तास पाहुण्यांसाठी आणि आठ तास विवाहितांसाठी, अशी विभागणी उपनगरांत आपोआप झाली. घरच्या पाळतीत काळजी आणि संशय इतके मिसळलेले असतात, की पाहणाऱ्यालाही ते वेगळे करता येत नाहीत.

‘अहो, वीस मिनिटं झाली, जोगेश्वरीलाच दिसताय. तब्येत बरी आहे ना?’ या वाक्यातला पहिला भाग चौकशीचा आहे की दुसरा, हे ऐकणाऱ्यालाच ठरवावे लागते.

थांब्यांवरून माणूस

एखाद्या क्षणाचा ठिपका फारसे काही सांगत नाही. महिनाभराचे ठिपके एकत्र केले की माणूस उभा राहतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या पंधरा महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या गेल्या. वेळ आणि जागा यांचे फक्त चार बिंदू कळले, तरी ९५ टक्के लोक गर्दीतून नेमके वेगळे काढता येतात, असे दिसले. उपनगरांत चारही लागत नाहीत. रात्री शिंपोलीला आणि दिवसा सीप्झला उभी राहणारी गाडी दर रविवारी मुलुंडच्या एकाच गल्लीत दिसत असेल, तर घर, नोकरी आणि सासुरवाडी ही तिन्ही कळली. नाव शोधायला नंबरप्लेटची गरज उरत नाही.

म्हणूनच ‘माहितीतून नावे काढली आहेत’ या आश्वासनाला फार अर्थ नसतो. न्यूयॉर्कमधल्या टॅक्सींच्या २०१३ सालच्या १७ कोटींहून अधिक फेऱ्यांची माहिती अशीच नावे-क्रमांक झाकून दिली गेली होती. २०१४ मध्ये क्रमांक उलगडले गेले, आणि टॅक्सीत चढतानाच्या छायाचित्रांशी ते जुळवून कोणता नट कुठे उतरला आणि त्याने किती बक्षिशी दिली, हेही लोकांनी शोधून काढले. काहींनी ती दिलेली दिसली नाही.

हसू इथे थांबते. दर मंगळवारी कर्करोगाच्या रुग्णालयाबाहेर उभी राहणारी गाडी, नोकरी न सोडता दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला गेलेली गाडी, वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयापाशी तीनदा दिसलेली गाडी यांच्या मालकांनी जे अजून कोणाला सांगितलेले नसते, ते यंत्राने आधीच नोंदलेले असते. चुंबकाने गाडीखाली चिकटणारी, आगपेटीएवढी ट्रॅकर यंत्रे सहज विकत मिळतात. घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईच्या स्कूटरखाली असे यंत्र असले, तर तिच्या नव्या पत्त्याला अर्थ राहत नाही. तळमजल्यावरच्या काकू अशा वेळी ‘मला काही माहीत नाही बाई’ असे म्हणू शकत. यंत्राला ते जमत नाही.

कायदा

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती सांभाळली नाही, तर कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. सरकारी यंत्रणांना मात्र त्यात ऐसपैस सवलती आहेत. आणखी एक सवलत कमी लोकांना ठाऊक आहे: एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. म्हणजे चारांपैकी सर्वांत चौकस वर्ग या कायद्याच्या बाहेर राहिला. स्त्रीचा पाठलाग हा मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे.

८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयापुढच्या याच विषयाच्या एका मासल्याचा निकाल लागला. अमली पदार्थांच्या एका खटल्यात आरोपीला जामीन देताना, गूगल मॅप्सवर आपल्या ठिकाणाची पिन टाकून ती तपास अधिकाऱ्याला दिसत राहील असे करावे, अशी अट घातलेली होती. न्यायालयाने गूगललाच विचारले. पिन टाकल्याने कोणावर चालू वेळेत नजर ठेवता येत नाही, असे उत्तरातून स्पष्ट झाले. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी ती अट निरुपयोगी ठरवून काढून टाकली, आणि आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट खासगीपणाचा भंग करते, असेही सांगितले. जामिनावर सुटलेल्यांना मिळालेले हे संरक्षण अजून विवाहितांपर्यंत पोचलेले नाही.

उपाय

टॅक्सी-बसमधले कायदेशीर यंत्र आणि बटण यांना हात लावू नये. ती प्रवाशाच्या जिवासाठी आहेत. बाकीचे उपाय साधे आहेत. मोबाइलमध्ये प्रत्येक अॅपला ठिकाणाची परवानगी फक्त वापरताना द्यावी. पंचांगाच्या अॅपला गाडी कुठे आहे हे कळण्याची गरज नसते. फास्टॅग जो गाडी चालवतो त्याच्या क्रमांकाला जोडावा. गाडी अनोळखी गॅरेजमधून किंवा अनोळखी हातांतून आली, तर चाकांवरच्या कमानी, बंपरच्या आतली बाजू आणि डॅशबोर्डखालचे सॉकेट एकदा पाहावे.

गाडी विकताना तिच्या अॅपमधून बाहेर पडावे, आणि घेताना जुना मालक बाहेर पडला आहे ना, याची खात्री करावी. आयबीएमच्या एका सुरक्षातज्ज्ञाने २०१७ मध्ये दाखवून दिले होते, की त्याने विकलेली गाडी पुढे बराच काळ त्याच्याच फोनवर दिसत होती आणि तिचे कुलूपही त्याला उघडता येत होते. आपल्याकडे गाडी देताना हार, नारळ, चावी आणि कागदपत्रे दिली जातात. पासवर्ड काढून घेण्याचा मुहूर्त कोणी पाहत नाही.

मालकांनी नजर कामाच्या वेळेपुरती ठेवावी, नोंदी किती दिवस राहतील हे आधी सांगावे, आणि थांब्याचा जाब विचारण्याआधी कारण विचारावे. कंपन्यांनी न लागणारी माहिती गोळा करू नये. जी गोळाच झाली नाही ती फुटत नाही.

घरासाठी कायदा नसल्यामुळे तिथे करार करावा लागतो. त्याचे कलम एकच: ज्याला दुसऱ्याचा ठिपका पाहायचा असेल, त्याने तेवढाच वेळ स्वतःचाही दाखवावा. हे कलम मान्य झाले की आठ तासांची मुदत बहुतेक घरांत पंधरा मिनिटांवर येते.